थेम्सकाठी केल्टिक भाषा केव्हा आली?



ब्रिटनच्या जुन्या शालेय पुस्तकांत एक गोष्ट ठरून गेलेली होती. रोमन येण्यापूर्वी या बेटावर केल्ट राहत होते. ते कुठून आले, तर मध्य युरोपातून. केव्हा, तर इ.स.पू. ५०० च्या मागेपुढे. कसे, तर लोखंडी तलवारी परजत. त्यांच्या आधी कोण होते याची चौकशी फारशी होत नसे, ‘आधीचे लोक’ एवढ्यावर भागत असे. या गोष्टीचा जवळजवळ प्रत्येक भाग गेल्या पन्नास-साठ वर्षांत मोडीत निघाला आहे, आणि तरीही ती लोकांच्या मनातून गेलेली नाही. ‘केल्ट’ या एका शब्दात आपण एक भाषाकुल, विशिष्ट घडणीच्या काही वस्तू आणि एक वंश असे तीन निराळे ऐवज कोंबतो, आणि तिन्ही एकाच जथ्यातून, एकाच वाटेने आले असे धरून चालतो. आज मला मांडायचे आहे ते असे: ‘केल्ट’ नावाचे एकसंध लोक थेम्सच्या खोऱ्यात कधी उतरल्याचा पुरावा नाही. मात्र केल्टिक भाषा इथे नक्की आली. ती लोखंडाच्या बरीच आधी, ब्राँझयुगाच्या उत्तरार्धात, म्हणजे साधारण इ.स.पू. १३०० ते ८०० या काळात, आजच्या फ्रान्सच्या बाजूने आणि मोठ्या स्वारीखेरीज आली असावी. या मताला विरोधक आहेत आणि त्यांचे आक्षेप वजनदार आहेत. म्हणूनच हा विषय व्याख्यानाला घेण्याजोगा आहे.

आधीच्या लोकांपासून सुरुवात करू, कारण त्यांचा एक अतिशय जुना पुरावा या गावच्या, मेडनहेडच्या, हद्दीतच निघाला. १९१९ साली मेडनहेडच्या फर्झ प्लॅट भागातल्या कॅननकोर्ट फार्मच्या खडीच्या खाणीत गारेची एक हातकुऱ्हाड सापडली. ती तीस सेंटिमीटरहून लांब आहे, युरोपात मिळालेल्या सर्वांत मोठ्या हातकुऱ्हाडींत तिची गणना होते, आणि आज ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. एवढे अवजड हत्यार एका हातात पेलून वापरले जात असेल का, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. पण ती घडवणारे आपल्या मानवजातीचे नव्हते. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे ते दुसऱ्याच जातीचे मानव होते, आणि आजच्या रहिवाशांशी त्यांचे वंशावळीचे नाते जोडता येत नाही. त्यानंतर हिमयुगांच्या फेऱ्यांत हे बेट अनेकदा ओस पडले. (बेट म्हणतो ते सवयीने, तेव्हा बराच काळ ते खंडाला जोडलेले होते.) शेवटचे हिम ओसरल्यावर, सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी, माणसाची वस्ती पुन्हा सलग सुरू झाली. याच बार्कशायरमध्ये, न्यूबरीजवळच्या थॅचमला, त्या काळच्या शिकारी टोळ्यांच्या छावण्यांचे अवशेष मिळाले आहेत. सॉमरसेटच्या गुहेत सापडलेला ‘चेडर मॅन’ हा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा पुरुष त्यांच्याच पिढ्यांतला. २०१८ साली त्याच्या जनुकांचा निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा त्याची त्वचा सावळी ते काळी आणि डोळे फिकट असावेत असे सांगितले गेले, आणि इथल्या वर्तमानपत्रांत काही दिवस बरीच खळबळ माजली.

हे शिकारी लोक इथले आद्य रहिवासी मानले, तर त्यांचा वारसा आज अगदी थोडा उरला आहे. इ.स.पू. ४००० च्या सुमारास शेती करणारे लोक आले. त्यांचे पूर्वज अनातोलिया आणि एजियन समुद्राच्या भागातून भूमध्य किनाऱ्याने पश्चिमेकडे सरकत आलेले होते. आपल्याजवळच्या डॉर्नीला ईटन कॉलेजचा नौकानयनाचा तलाव खोदताना त्या शेतकऱ्यांच्या वस्तीचे थर उघडे पडले. फुटकी मडकी, गारेच्या कपच्या, जनावरांची हाडे असा पिढ्यान्पिढ्यांचा उकिरडा तिथे साचलेला होता. स्टोनहेंज उभारले ते याच शेतकऱ्यांच्या वंशजांनी. ते ड्रुइड पुरोहितांनी बांधले ही समजूत सतराव्या-अठराव्या शतकांतल्या ऑब्री आणि स्टकली या हौशी संशोधकांची. ड्रुइडांचा पहिला लेखी उल्लेख होण्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी ते प्रचंड दगड उभे राहिलेले होते. तरीही दर उन्हाळी संक्रांतीला पांढरे झगे घालून लोक तिथे जमतात. त्यांना कोणी अडवू नये, पण त्याला इतिहास म्हणू नये.

यापुढे सगळ्या वादाची गाठ येते. इ.स.पू. २४५० च्या सुमारास घंटेच्या आकाराची चषकासारखी मडकी, तांब्याचे खंजीर आणि बाणांची गारेची टोके घेऊन नवे लोक आले. मडक्यांवरून त्यांना ‘बीकर’ लोक म्हणतात. ही मडकी नुसती फॅशन म्हणून पसरली की माणसांबरोबर आली, हा वाद शंभर वर्षे चालला. स्पेनमध्ये ती बहुधा फॅशन होती. ब्रिटनमध्ये मात्र माणसेच बदलली. २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार काही शतकांतच इथल्या लोकसंख्येचा सुमारे ९० टक्के जनुकीय वारसा पालटला. स्टोनहेंजजवळच्या एम्सबरीला २००२ साली सापडलेल्या तीरंदाजाच्या दातांतली द्रव्ये सांगतात की त्याचे बालपण आल्प्सच्या बाजूला गेले होते. ९० टक्के हा आकडा ऐकला की लगेच कत्तलीचे चित्र डोळ्यांसमोर येते. त्याची गरज नाही. आधीची शेतकरी वस्ती विरळ झाली असेल, तिच्यात आजार पसरले असतील, दोन समूहांच्या जन्मदरात फरक असेल. अशा गोष्टी आठ-दहा पिढ्या चालू राहिल्या तरी हिशेब तिथवर जाऊन पोचतो. पण बदल खरा आहे आणि प्रचंड आहे. त्यावरून काहीजण सरळ निष्कर्ष काढतात: एवढी माणसे बदलली म्हणजे भाषाही तेव्हाच बदलली, आणि ती भाषा केल्टिकच असणार, कारण त्यानंतर एवढा मोठा बदल दिसतच नाही.

हा आक्षेप सर्वांत भक्कम आहे, म्हणून आधी तोच घेतो. बीकर लोकांनी बहुधा कुठलीतरी भारत-युरोपीय भाषा आणली, हे मला मान्य आहे. पण ती केल्टिक होती असे म्हणायला भाषेचाच पुरावा आड येतो. आयर्लंडच्या ओगम लिपीतले कोरीव लेख इ.स.च्या चौथ्या-पाचव्या शतकापासूनचे आहेत, गॉलमधले (आजच्या फ्रान्समधले) लेख त्याहून पाच-सहाशे वर्षे जुने, आणि रोमन काळात लिहिली गेलेली ब्रिटनमधली व्यक्तींची व गावांची नावे या दोहोंच्या मधली. या तिन्हींतल्या भाषांची तुलना केली तर त्या अगदी जवळच्या बहिणी ठरतात. त्या इ.स.पू. २४५० लाच वेगळ्या झाल्या असत्या तर रोमन येईपर्यंत त्यांच्यात सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर पडायला हवे होते. एवढ्या काळात भाषा किती दुरावते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. वैदिक संस्कृतापासून आजच्या मराठीपर्यंत त्याहूनही काहीसा जास्त काळ लोटला आहे, आणि ऋग्वेदाची ऋचा ऐकून मराठी माणसाला तिचा अर्थ आपोआप कळत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स.च्या पहिल्या शतकाअखेर ब्रिटन आणि गॉल यांच्या भाषांत फारसे अंतर नाही असे नोंदवले आहे. त्याचे सासरे या प्रांताचे सुभेदार होते, म्हणजे माहिती मिळवायची सोय त्याला होती. भाषांचे एवढे सख्य असेल तर ताटातूट तुलनेने अलीकडची, एक हजार ते दीड हजार वर्षांपलीकडची नाही, असे मानावे लागते.

केल्टिक भाषा पश्चिमेकडे, अटलांटिक किनाऱ्यावर जन्मली आणि समुद्रमार्गे इकडे पसरली, असे पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ आणि भाषातज्ज्ञ जॉन कॉक गेली काही दशके मांडत आले आहेत. पोर्तुगालच्या दक्षिणेकडचे तथाकथित टार्टेसियन लेख केल्टिक आहेत या कॉकच्या वाचनावर त्यांची बरीच भिस्त आहे, आणि ते वाचन बहुसंख्य भाषातज्ज्ञांना पटलेले नाही. भाषाभ्यासक पॅट्रिक सिम्स-विल्यम्स यांनी २०२० मध्ये केल्टिकचे मूळ पूर्वेलाही नाही, पश्चिमेलाही नाही, मध्ये म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरात शोधावे, असे सुचवले. मला ते सर्वांत सावध आणि सर्वांत पटणारे वाटते. केल्टिकचे सर्वांत जुने निर्विवाद लेख, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपासचे, उत्तर इटलीतल्या कोमो आणि मॅजोरे सरोवरांच्या भागात मिळतात. तिथून फ्रान्स फार दूर नाही.

जुन्या चित्रातले मध्य युरोपाचे स्थान कुठून आले? ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे मिठाच्या खाणींजवळची दफनभूमी योहान गेऑर्ग रामसाउअर याने १८४६ पासून उकरली आणि जवळजवळ हजार कबरी नोंदवल्या. १८५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल सरोवराकाठी ला टेन या ठिकाणी वेटोळ्यांच्या सुंदर नक्षीच्या लोखंडी वस्तूंचा साठा मिळाला. या दोन नावांखाली लोहयुगाचे दोन टप्पे ठरले, आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने केल्ट डॅन्यूबच्या उगमाजवळ राहतात असे लिहिले असल्याने दोन्ही टप्प्यांवर केल्टांचे नाव चिकटले. हिरोडोटस मात्र डॅन्यूबचा उगम पिरेनी नावाच्या शहराजवळ आहे असेही लिहितो, आणि केल्ट हर्क्युलिसच्या खांबांपलीकडे, म्हणजे जिब्राल्टरच्या पश्चिमेला राहतात असेही. हे सोयीस्करपणे विसरले गेले. शिवाय नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत. स्पेनच्या आतल्या भागातले केल्टिबेरियन लोक केल्टिक भाषा लिहीत होते, बोटोरिटाच्या ब्राँझच्या पत्र्यांवर ती आजही वाचता येते, पण ला टेनची नक्षी त्यांच्यात जवळपास नाही. आयर्लंडच्या नैर्ऋत्य भागातही ती जवळपास नाही, आणि तिथे तर आयरिश भाषा आजही जिवंत आहे. नक्षीचा नकाशा आणि भाषेचा नकाशा जुळत नाहीत. थेम्समधून १८५७ मध्ये निघालेली बॅटरसीची ढाल आणि १८६८ मध्ये निघालेले वॉटरलूचे शिंगांचे शिरस्त्राण ब्रिटिश म्युझियममध्ये पाहायला मिळतात. दोन्ही ला टेन घडणीतली आणि दोन्ही इथल्याच कारागिरांची. ती परक्या वीरांनी आणली असे मानायला कसलाच आधार नाही.

इथे दुसऱ्या टोकाचा एक आक्षेप येतो. प्राचीन लेखकांपैकी कोणीही ब्रिटनच्या लोकांना केल्ट म्हटले नव्हते. सीझर ते नाव फक्त गॉलच्या एका भागाला लावतो, स्ट्रॅबो तर ब्रिटन आणि केल्ट यांची तुलना करतो. स्कॉटलंडचा जॉर्ज ब्यूकॅनन (१५८२), ब्रिटनीचा पेझ्रों (१७०३) आणि वेल्सचा एडवर्ड ल्हुइड (१७०७) या तिघांनी हळूहळू या भाषांचे नाते ओळखले, आणि ‘केल्टिक’ हे नाव या बेटावर रूढ झाले. पुरातत्त्वज्ञ सायमन जेम्स यांनी १९९९ मध्ये विचारले की अटलांटिक केल्ट हे प्राचीन लोक की आधुनिक निर्मिती? उत्तर ‘निर्मिती’ असेल तर आपण शोधतो काय? मला हा प्रश्न अर्धाच बरोबर वाटतो. लोकांचे नाव उसने आहे हे खरे, पण भाषांचे नाते उसने नाही. द्राविड भाषाकुलाला ते नाव १८५६ मध्ये कॉल्डवेल यांनी दिले, म्हणून तमिळ आणि कन्नड यांचे सख्य त्या वर्षी जन्मले असे कोणी म्हणणार नाही. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या जोडीला गॉथिक आणि केल्टिकचेही नाव घेतले तेव्हा त्यांनी याच नात्याकडे बोट दाखवले होते. भाषेचा प्रवास हा खराखुरा ऐतिहासिक प्रवास असतो, मग प्रवाशांनी स्वतःला काहीही म्हटलेले असो.

त्या प्रवासाचा काळ मी ब्राँझयुगाच्या उत्तरार्धात ठेवतो, आणि त्यासाठी पुन्हा या गावाभोवतीच्या मातीकडे यावे लागते. डॉर्नीच्या त्याच खोदकामात थेम्सच्या एका बुजलेल्या पात्रात एकामागून एक बांधलेल्या लाकडी पुलांचे खांब मिळाले. त्यांतले जुने ब्राँझयुगाच्या मध्यावरचे, इ.स.पू. १३०० च्या मागेपुढचे, तर नवे लोहयुगातले. एका जागी शतकानुशतके पूल पुन:पुन्हा बांधला जातो तेव्हा ती रहदारी नियमित असते. मेडनहेडच्या समोर, पलीकडच्या काठावर, टॅप्लो कोर्टच्या टेकडीवर १९९९ ते २००५ या काळात उत्खनन झाले. तिथे ब्राँझयुगाच्या शेवटी आधी खांबांचे कुंपण, मग लोहयुगाच्या आरंभी खोल खंदक आणि लाकूड घातलेली तटबंदी उभी राहिली, आणि ती तटबंदी पुढे जळाली. एका टेकडीवर वस्ती नव्हे तर सत्ता बसू लागली होती. खाली रनीमीडला इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकांत नदीकाठी लाकडी धक्का आणि समृद्ध वस्ती होती. नदीच्या पात्रात तर त्या शतकांतल्या तलवारी, भाल्यांची पाती, कुऱ्हाडी इतक्या मिळतात की त्या चुकून पडल्या असे म्हणता येत नाही. त्या अर्पण केलेल्या असणार. यांतल्या अनेक तलवारींच्या घडणी फ्रान्समधल्याच आहेत. एकाच प्रकारची शस्त्रे, एकाच प्रकारचे जलार्पण, इंग्लिश खाडीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच मेजवान्यांची भांडी: जिथे सरदार घराणी इतकी एकमेकांत गुंतलेली होती तिथे व्यवहाराची एक सामायिक भाषा तयार होणे अगदी स्वाभाविक. पुराण्या बार्कशायरमधला अफिंग्टनचा पांढरा घोडा याच शतकांत, इ.स.पू. १३८० ते ५५० यांच्या दरम्यान, चुनखडीच्या उतारावर कोरला गेला, असे त्याच्या मातीचे वयमापन सांगते.

नेमक्या याच काळात जनुकांतही हालचाल दिसते. २०२१ च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये आलेल्या ७९३ प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासात असे आढळले की इ.स.पू. १००० ते ८७५ च्या सुमारास दक्षिण ब्रिटनमध्ये नवे लोक आले, त्यांचे नाते बहुधा फ्रान्सच्या बाजूचे, आणि लोहयुगापर्यंत इंग्लंड व वेल्समधल्या जवळजवळ निम्म्या वारशाचा उगम त्यांच्याकडे जातो. ही कत्तल नव्हे. हा बीकरसारखा काही शतकांत जवळजवळ सारे पालटणारा लोटही नव्हे. पिढ्यान्पिढ्या येणारी, लग्ने करून मिसळणारी माणसे अशी दिसतात. त्यानंतर लोहयुगात, म्हणजे जुन्या गोष्टीतल्या केल्टांच्या स्वारीच्या काळात, एवढा मोठा ओघ आल्याचे या अभ्यासात दिसत नाही. काही किनारी भागांत मर्यादित येजा चालू राहिली, तेवढेच.

यावर तीन शंका येतात. पहिली अशी की पुरावा तुटपुंजा आहे. ती रास्त आहे. त्या काळी मृतांचे दहन करण्याची चाल रूढ होती, आणि जळलेल्या हाडांत डीएनए क्वचितच टिकतो. या निष्कर्षातली कळीची काही माणसे केंटमधल्या क्लिफ्स एंड फार्म आणि मार्जेट्स पिट अशा मोजक्या ठिकाणची आहेत. दुसरी शंका लोखंडाची. केल्टिक भाषांमध्ये लोखंडासाठी एकाच मुळाचा शब्द आहे, मग त्या लोखंड माहीत झाल्यानंतरच वेगळ्या झाल्या असल्या पाहिजेत, असा युक्तिवाद. पण धातूबरोबर त्याचे नावही गावोगाव फिरते. जर्मानिक भाषांनी हा शब्द केल्टिककडूनच घेतला, आणि त्यासाठी त्यांना केल्टिक व्हावे लागले नाही. तिसरी शंका मात्र माझ्या मांडणीचा सर्वांत नाजूक सांधा दाबते. जनुकीय बदल स्कॉटलंडमध्ये तसा दिसत नाही, मग आयर्लंडपर्यंत केल्टिक पोचली कशी? माझे उत्तर असे की भाषा माणसांच्या संख्येने पसरते तशीच ती प्रतिष्ठेनेही पसरते. आयर्लंडचाच दाखला पाहा. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळाच्या आणि त्यानंतरच्या दशकांत तिथल्या असंख्य लोकांनी आयरिश सोडून इंग्रजी धरली, आणि त्यांचे वंश मात्र होते तेच राहिले. आपल्याकडे कोकणातले बेने इस्राएल आपल्या परंपरेनुसार समुद्रापलीकडून आले. त्यांची आडनावे गावांवरून ‘कर’ लागून झाली आणि घरातली भाषा मराठी झाली. त्यांच्या जनुकांवरून त्यांची भाषा ओळखता आली नसती, आणि भाषेवरून त्यांचा उगमही नाही. ब्राँझयुगाच्या शेवटी आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात तलवारी, कढया, शिंगांची वाद्ये यांची देवघेव भरपूर होती. त्या वाटेने थोड्या लोकांबरोबर भाषा गेली असे मानणे शक्य आहे. ते सिद्ध झाले आहे असे मात्र मी म्हणत नाही.

महाराष्ट्राच्या अभ्यासकांना हा सगळा पेच ओळखीचा वाटेल. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून इनामगावला उत्खनन केले, जोर्वे संस्कृतीची घरे, धान्यकोठारे, घराच्या जमिनीखाली पुरलेली मुले सापडली. पण ते लोक घरात कोणती भाषा बोलत, हे मडक्यांनी सांगितले नाही. शं. बा. जोशी यांनी मराठीच्या पोटात कानडी थर आहे असे मांडले तेव्हा त्यांचा आधार शब्दांचा आणि स्थळनामांचा होता. तिकडे मडके बोलत नाही, इकडे शब्दाला वय लिहिलेले नसते. दोन्ही जुळवायला निघालो की मध्ये आपल्या मनाची कलमे लावली जातात, आणि त्यांचा ताळेबंद मागण्याची सवय संशोधकाने लावून घेतली पाहिजे.

आता लोहयुगाच्या अखेरीकडे झटकन येतो. मेडनहेड थिकेटमधला ‘रॉबिन हूड्स आर्बर’ हा मातीच्या बांधाचा चौकोन रॉबिन हुडाच्या कितीतरी आधीचा, रोमनांच्या अगदी उंबरठ्यावरचा. तोवर हे खोरे आट्रेबाट लोकांच्या प्रभावाखाली होते. त्यांचे केंद्र इथून नैर्ऋत्येला असलेले सिल्चेस्टर, आणि त्यांच्याच नावाचे लोक उत्तर गॉलमध्ये आरास शहराच्या भागात होते. त्यांच्या राजांची नावे नाण्यांवर आहेत, कॉमियस, व्हेरिका, आणि नाणी रोमन अक्षरांत. ब्रिटनच्या किनारी भागात उत्तर गॉलच्या बेल्जिक टोळ्यांचे लोक येऊन वसले असे सीझर लिहितो. त्याचे हे विधान खरे असू शकते. मात्र इथल्या दहा-बारा पुरुषांत बायका सामायिक असतात या त्याच्या विधानावर मी विश्वास ठेवणार नाही. डॉर्सेटमधल्या ड्युरोट्रिजेस लोकांच्या एका दफनभूमीचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तिथले बहुतेक लोक एकाच आईच्या वंशातले, आणि पुरुष बाहेरून येऊन बायकोच्या गावी राहिलेले. बाहेरच्या निरीक्षकाला ही पद्धत विचित्र वाटली असेल, आणि त्याने तिचे आणखी विचित्र चित्र रंगवले असेल. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईवरून नावे घेणारे सातवाहन राजे आपल्याला ठाऊक आहेत, म्हणून आपण तरी घाईने निकाल देऊ नये. सातवाहनांत राज्य मुलाकडेच जात होते, आणि नावावरून मातृसत्ता सिद्ध होत नाही. ब्रिटनच्या बाबतीत पुरावा नावाचा नाही, हाडांचा आहे, म्हणून तो अधिक भक्कम.

माझी मांडणी कशाने कोसळेल, तेही सांगायला हवे. थेम्सच्या पात्रातून गेल्या दोन शतकांत अनेक मानवी कवट्या गाळ उपसताना वर आल्या आहेत, आणि त्यांतल्या ज्यांचे कार्बन वयमापन झाले त्यांतल्या बऱ्याच ब्राँझ आणि लोहयुगातल्या ठरल्या आहेत. त्या दहनातून सुटलेली माणसे आहेत. त्यांच्या आतल्या कानाच्या हाडातून डीएनए काढून, टॅप्लो ते रनीमीड या पट्ट्यातल्या इ.स.पू. १३०० ते ८०० या काळातल्या व्यक्ती निवडून तपासल्या, आणि त्यांच्यात खंडाकडच्या वारशाची वाढ मुळीच दिसली नाही, तर केंटच्या मोजक्या कबरींवर मी संपूर्ण दक्षिण ब्रिटनचा भार टाकला असे ठरेल, आणि भाषेचा प्रवेश आणखी मागे, बीकर काळाकडे, नेण्याचा दबाव वाढेल. वाढ दिसली तर त्यांतल्या किती परक्या प्रदेशात वाढलेल्या होत्या हे दातांवरून पाहावे लागेल.